आकाशातल्या दगडाचं वय

1939 साली आपल्या वऱ्हाडात, बाळापूर तालुक्यातल्या अंदुरा गावी, आकाशातून एक दगड पडला. वजन सुमारे 18 किलो. अशा दगडाला जन्मपत्रिका नसते. पण त्याच्या पोटात घड्याळं असतात, बरं का!

पहिलं घड्याळ पोटॅशियमचं. त्यातला अगदी थोडा अंश किरणोत्सर्गी असतो. तो आपोआप मोडत जातो आणि 125 कोटी वर्षांत निम्मा उरतो. मोडलेल्याचा ठराविक हिस्सा आर्गॉन वायू होऊन दगडातच कोंडून राहतो. चुलीतली राख आणि उरलेलं सरपण पाहून चूल केव्हा पेटली याचा अदमास येतो ना, तसंच हे. युरेनियमपासून होणाऱ्या शिशाचंही असंच घड्याळ आहे. क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली उल्कापाषाणांतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षे ठरवलं.

दुसरं घड्याळ प्रवासाचं. मोठ्या खडकाच्या पोटात असेपर्यंत दगड झाकलेला असतो. टक्कर होऊन तो सुटला की विश्वकिरणांचा मारा सुरू होतो आणि त्यात निऑनसारखे वायू नव्याने साठू लागतात. अंदुऱ्याच्या जातीचे पुष्कळ दगड सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीच्या टकरीत सुटले, असं त्यावरून दिसतं.

आपल्या लोणारच्या सरोवराचं वयही आर्गॉननेच काढलं. आघाताने वितळलेल्या खडकावरून ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे आलं. हे 2011 साली प्रसिद्ध झालं. त्याआधी दुसऱ्या रीतीने ते 50 हजारांच्या आसपास धरत.

तिसरं घड्याळ मात्र घाईचं. विश्वकिरणांनी झालेलं किरणोत्सर्गी सोडियम अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मं होतं. काही द्रव्यं तर थोड्या दिवसांतच सरतात. दगड जमिनीवर आला की त्यांची नवी भर थांबते. म्हणून तो लवकर तपासला गेला पाहिजे.

तेव्हा उद्या तुमच्या वावरात असा दगड पडला, तर भिऊ नका. त्याचे किरण अगदी क्षीण असतात. त्याला धुऊ नका, शेंदूर लावू नका, फोडून वाटून घेऊ नका. भट्टीत तर मुळीच घालू नका. आर्गॉन निसटला की घड्याळच बिघडलं. पडल्याची वेळ आणि दिशा लिहा, स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. गुरुजींनी एवढं मुलांना सांगून ठेवलं, तरी पुष्कळ झालं.