हवेतल्या चिवट विषांचा माग

हवा आज किती खराब आहे हे सांगणारा आकडा आता मोबाइलवर रोज दिसतो. तो आकडा मुख्यतः धुळीचा आणि काही वायूंचा. आपल्याकडे 2009 साली हवेची जी राष्ट्रीय मानकं ठरली, त्यांत 12 प्रदूषकं आहेत. सूक्ष्म धूळ, सल्फर डायऑक्साइड, ओझोन, शिसं, बेन्झीन वगैरे. पण मंडळी, आज मला बोलायचंय ते या यादीत नसलेल्या रसायनांविषयी. 2001 साली स्टॉकहोम इथं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची पहिली यादीही नेमकी 12 रसायनांचीच होती. डीडीटी, आल्ड्रिन, पीसीबी, डायॉक्सिन ही त्यांतली काही नावं. या दोन याद्यांमध्ये एकही नाव सामाईक नाही!

या रसायनांचा दोष एकच, ती मरत नाहीत. ऊन, पाऊस, जमिनीतले जीवाणू यांना ती दाद देत नाहीत. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मात्र मुरतात. म्हणजे मासळीत, दुधात आणि शेवटी आपल्यात. शिवाय ती प्रवासी आहेत. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, वाऱ्यावर निघतात, गारवा लागला की खाली बसतात, पुन्हा ऊन पडलं की उठतात. असं टप्प्याटप्प्यानं ती थेट उत्तर ध्रुवाकडे पोचतात. जिथं शेत नाही की कारखाना नाही, तिथल्या इन्युइट मातांच्या दुधात ही द्रव्यं सापडली, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

आपल्या वसईला यातलं काही परकं नाही. बावखलं, विहिरी आणि केळीच्या बागा, म्हणजे डासांना आंदणच! देशात 1953 साली हिवतापाविरुद्धची मोहीम सुरू झाली आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारलं जाऊ लागलं. त्यानं लाखो जीव वाचवले हे विसरून चालणार नाही. 1989 साली शेतीसाठी डीडीटी बंद झालं, हिवतापासाठी ते पुढंही चालू राहिलं. मुंग्यांवर टाकायची गॅमॅक्सिन पावडर तर जुन्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्या जातीच्या बीएचसी या कीटकनाशकावर 1997 साली बंदी आली.

आता प्रश्न असा, की बंदी आली म्हणजे ते गेलं का? हे कळायचं तर हवाच तपासावी लागते. खरं तर ही विषं आपल्या पोटात जातात ती बहुतांशी अन्नातून. पण बंदीचा परिणाम सर्वांत आधी दिसतो तो हवेत. म्हणून स्टॉकहोम कराराच्या जागतिक देखरेखीत अशा रसायनांसाठी दोन नमुने मुख्य मानले आहेत. एक हवा आणि दुसरा माणसाचं रक्त किंवा आईचं दूध.

तपासणीचं साधन पाहाल तर हसाल. स्टीलचे दोन वाडगे, एकावर एक झाकलेले, मध्ये थोडी फट आणि आत गादीत असतो तसल्या स्पंजची वीतभरापेक्षा लहान चकती. ना पंप, ना वीज. हवा फटीतून येते-जाते आणि ही रसायनं स्पंजला चिकटत राहतात. दिवसाला साधारण 3 ते 4 घन मीटर हवेतला माल जमतो, म्हणजे तीन महिन्यांत सुमारे 300 घन मीटर हवेतला. मग चकती प्रयोगशाळेत जाते. तिथं मोजमाप असतं पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. इतक्या बारीक हिशेबात हाताळणाऱ्याच्या बोटांचाही भरवसा धरता येत नाही. म्हणून एक कोरी चकती जागेवर नेऊन, नुसती दाखवून परत आणतात. तिच्यावर जे सापडेल ते वजा करायचं. मला स्वतःला या सगळ्या खटाटोपात ही कोरी चकती फार आवडते.

2006-07च्या हिवाळ्यात अशाच चकत्या मुंबई आणि गोव्यासह देशातल्या सात शहरांत लावल्या गेल्या आणि डीडीटी, बीएचसी दोन्ही कुळांतली द्रव्यं हवेत सापडली. नुसतं सापडणं महत्त्वाचं नाही. डीडीटी मोडू लागलं की त्याचं डीडीई होतं. नमुन्यात डीडीई जास्त असेल तर माल जुना, मूळ डीडीटी जास्त असेल तर ताजा. चोराच्या पावलांवरून तो कधी गेला ते ओळखावं, तसंच हे.

पण एका चकतीनं प्रदेश कळत नाही. वसई-विरारचंच घ्या. पश्चिमेला समुद्र, अर्नाळा, किल्ला, पानवेली आणि फुलशेती. पूर्वेला वालीव, सातिवलीच्या औद्योगिक वसाहती, गोखिवऱ्याची कचराभूमी आणि त्यांच्या मागं तुंगारेश्वरचं जंगल. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई डोंगराकडून. म्हणजे पूर्वेला रात्री पेटलेल्या कचऱ्याचा धूर पहाटे पश्चिमेच्या गावांत. कचऱ्यात पीव्हीसी प्लास्टिक असेल, किंवा तांब्यासाठी कुणी वायरी जाळत असेल, तर त्यातून डायॉक्सिन तयार होतं. ते कुणी बनवत नाही, विकत नाही, त्यामुळे त्यावर नुसती बंदी घालून भागत नाही. आणि ते बरंचसं धुळीला चिकटून फिरतं, वाडग्यातल्या चकतीला कमीच सापडतं. त्यासाठी हवा ओढणारं पंपाचं यंत्रच लागतं.

माझ्या मते अर्नाळा, किल्ल्याचा परिसर, विरार स्टेशनची गर्दी, गोखिवरे आणि तुंगारेश्वर अशा पाच ठिकाणी वाडगे टांगले तरी पुष्कळ कळेल. तुंगारेश्वर मोजायचं ते तुलनेसाठी. वाडगे शाळेच्या गच्चीवरही बसतात, चकत्या बदलायला विज्ञानाचा शिक्षक पुरे. महाग आहे ती प्रयोगशाळा. पण नागपूरची नीरी ही संस्था याच कराराचं प्रादेशिक केंद्र आहे, तेव्हा फार लांब जायला नको.

अट एवढीच, की वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच पद्धतीनं मोजायचं. पावसाळ्यात वारा समुद्रावरचा आणि हवा धुतलेली, म्हणून एकट्या पावसाळ्याचा आकडा फसवा. वर्षाला चार चकत्या हव्यात. पहिली ऑक्टोबरात टांगावी, पाऊस सरून मतलई सुरू होते तेव्हा.