थंड इंजिनाची टकटक
१९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांमधील फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक लिफ्टर होते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्यांतले तेल झिरपते आणि सुरू करताच टकटक ऐकू येते. ती काही सेकंदांत थांबत असेल, तर इंजिन उघडण्याची घाई व्यर्थ होय. रेंगाळत असेल, तर प्रथम तेलाची पातळी तपासावी आणि मग उत्पादकाने सुचवलेल्या ग्रेडचे नवे तेल व फिल्टर घालावा, कारण लिफ्टरमधला प्लंजर, म्हणजे सरकणारा छोटा दट्ट्या, पुष्कळदा जुन्या तेलाच्या चिकट थरामुळेच अडकलेला असतो. इंजिन तापल्यावरही ठोका राहिला, तर मात्र लिफ्टर बदलण्यापूर्वी तेलाचा दाब मोजून घ्यावा.