काणीचा चाबूक

शिक्रापूरच्या पुढे, चासकमानच्या पाण्यावरचा उसाचा खोडवा. एका शेंड्यातून हातभर लांबीचा काळा, वाकडा चाबूक बाहेर आला होता. मी हात पुढे केला तसे शेतमालक तात्या ओरडले, "थांबा! आधी पोतं." पोतं हळूच वरून घातलं, खाली सुतळीनं आवळलं, मग कोयता. उरलेलं बेट मुळासकट उपटून जाळलं. चाबूक हलला की काजळी उडते. ती काजळी म्हणजे काणीच्या बुरशीचे बीजाणू. उरलेली पेरणी वारा करतो.

नमुना पुण्यातल्या प्रयोगशाळेत गेला, तो कागदी पाकिटातून. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि भलतीच बुरशी धरते.

चिमूटभर काजळीत लाखो बीजाणू, आणि ते सगळे एकाच वाणाचे असतीलच असं नाही. म्हणून ते आगरवर रुजवून, निघालेल्या पेशी विरळ पसरून, एकाच पेशीपासून वाढलेला दुधाळ ठिपका सुईनं उचलतात. एकट्या पेशीची ही बुरशी अगदी गरीब. दोन जुळत्या पेशी एकत्र आल्या तरच ती उसात शिरते. पत्रिका जुळल्याशिवाय उसाच्या वाटेला जात नाही.

ठिपका पातळ खाद्यात वाढवला, द्रव नायट्रोजन ओतून खलात कुटला. पुढे गरम द्रावण, क्लोरोफॉर्म, शेवटी थंडगार अल्कोहोल. संशोधक मुलीनं नळी हलकेच उलटीसुलटी केली आणि आत शेवयीसारखा पांढरा धागा तरंगला. हाच डीएनए. मी नळीला हात घालणार तेवढ्यात तीही म्हणाली, "थांबा!" हिसका बसला तर धागा तुटतो, आणि त्यांना लांब तुकडे हवे असतात. दुसऱ्यांदा मी हात मागे घेतला.

डीएनए वाचणारं यंत्र मुठीत मावेल एवढं. धागा सूक्ष्म छिद्रातून सरकतो, तसा विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. त्यावरून संगणक डीएनएची अक्षरं ओळखतो. काणीची अक्षरं सुमारे 2 कोटी, तर उसाची 1000 कोटींच्या घरात. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये या बुरशीची 26 गुणसूत्रं जुळवून छापली, त्यामुळे नवे तुकडे ताडून पाहायला नकाशा आहे. उसाची प्रतिकारशक्ती गुंगवणारी प्रथिनं कोणत्या जनुकांतून येतात आणि ती इथल्या काणीत बदललीत का, हे शोधायचं.

संध्याकाळी तात्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं, पण यंदा बेणं कुठलं आणू?"

खोडव्यातलं नको, मी म्हणालो. बेणेमळ्यातलं आणा, मूळ बेणं 54 अंशांच्या उष्ण बाष्पहवेत अडीच तास ठेवून वाढवलेलं.

"हे तर मांजरीचे ऊस संशोधनवाले कधीपासून सांगतायत," तात्या म्हणाले.