सोळा इंच

लिव्हरपूलच्या अ‍ॅल्बर्ट गोदीतील आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय पाहावयास जाण्याच्या आदल्या रात्री मी मुक्कामाच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्राचे ताव अंथरले, त्यांवर सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद अशी चौकट पेन्सिलीने आखली आणि तिच्यात उताणा पडून राहिलो. हे माप माझ्या कल्पनेतले नव्हते. ‘ब्रूक्स’ नावाच्या लिव्हरपुली जहाजाचा जो आराखडा गुलामविरोधी मंडळींनी 1788-89च्या सुमारास इंग्लंडभर छापून वाटला, त्यात दर प्रौढ पुरुषास एवढीच जागा मुक्रर केलेली असून, त्या हिशेबाने 482 माणसे एकमेकांना खेटून निजविलेली दिसतात. आणि कायद्याने संख्येला आळा घालण्यापूर्वी याच जहाजाने एका सफरीत 600हून अधिक माणसे वाहून नेली होती. आपल्या जुन्या परिमाणात सांगावयाचे तर ही रुंदी एक हातही भरत नाही. माझे खांदे दोन्ही बाजूंना रेघेबाहेर गेले. पाऊण तासाने पाठ अवघडली तेव्हा मी उठलो.

मी उठलो, कारण मला उठता येत होते. ही एक गोष्ट दुसऱ्या दिवशी संग्रहालयात हिंडताना माझ्या मनातून क्षणभरही गेली नाही.

संग्रहालयांत ज्यांना हल्ली ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात, म्हणजे प्रेक्षकाने काही करावे, दाबावे, उचलावे, निवडावे अशी ज्यांची अपेक्षा असते, त्या मांडण्यांविषयी माझे मन पूर्वीपासून साशंक होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कॉनर प्रेअरी येथे, प्रेक्षकांनी रात्रीच्या अंधारात पळालेल्या गुलामांची भूमिका घ्यावी असा एक उपक्रम अनेक वर्षे चालला. तो रचणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या भयाला घटका ठरलेली आहे आणि ज्याच्या शेवटी आपली मोटार आपली वाट पाहत उभी आहे, त्या भयाला दास्याचे नाव देण्यास माझी जीभ धजत नाही.

असे असूनही, हाताने हाताळून पटविण्याची ही पद्धत कोणा आधुनिक आरेखकाची नव्हे. ती गुलामविरोधी चळवळीइतकीच जुनी आहे, आणि तिची एक सुरुवात याच बंदरात झाली. 1787 साली टॉमस क्लार्कसन हा तरुण गृहस्थ पुरावा गोळा करीत लिव्हरपुलास आला, तेव्हा येथील एका दुकानात हातबेड्या, पायबेड्या, अंगठा पिळण्याचा साचा आणि अन्न नाकारणाऱ्याचे दात बळाने उघडण्याचे एक हत्यार ही सर्व इतर जिनसांसारखी उघड विक्रीस मांडलेली त्याला आढळली. त्याने ती विकत घेतली. धक्क्यावर त्याला पाण्यात लोटून देण्याचा प्रयत्न झाला, तरी तो हटला नाही. पुढे त्याने एक लाकडी पेटी बाळगली, आणि तिच्या कप्प्यांत आफ्रिकेतील विणलेले कापड, मिरी, डिंक, हस्तिदंत, रंगाची व इमारती लाकडे यांचे नमुने भरले, ते अशासाठी की पाहणाऱ्याने कापडाचा पोत बोटांनी चाचपावा आणि ज्या भूमीतून आपण माणसे उचलून आणतो तेथे विणकर आहेत, शेतकरी आहेत, आणि त्यांच्याशी सरळ व्यापार होऊ शकतो, हे त्याचे त्यानेच ताडावे. ती पेटी आज केंब्रिजशायरमधील विस्बेचच्या संग्रहालयात आहे. ‘ब्रूक्स’ची लाकडी प्रतिकृती हल येथे, पार्लमेंटात या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सच्या जन्मघरी आहे, ती विल्बरफोर्सने पार्लमेंटातील सभासदांपुढे ठेवली होती.

लिव्हरपूलचे संग्रहालय 23 ऑगस्ट 2007 रोजी, ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला त्याच्या द्विशताब्दी वर्षात, उघडले. आणि 2025च्या आरंभी नूतनीकरणासाठी बंद होण्यापूर्वी मला ते पाहावयास मिळाले. 23 ऑगस्ट ही तारीख पार्लमेंटातील कोणत्याही ठरावाची नसून, 1791 साली सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी स्वतः केलेल्या उठावाची आहे. निवड करणाऱ्यांचे मला येथेच कौतुक वाटले.

आत शिरताच बेडी दिसत नव्हती, घर दिसत होते. पश्चिम आफ्रिकेतील इग्बो लोकांच्या वाड्याची एक प्रतिकृती उभारलेली होती, आणि शाळेची मुले तिच्यात आपल्या आजोळी शिरावे तशी निःसंकोच शिरत होती. त्यानंतरच्या दालनात भोवतालच्या पडद्यांवर समुद्रप्रवासाचे चित्र हलू लागे; जहाजाच्या पोटातील अंधार, श्वास आणि साखळ्यांचा आवाज यांच्या मधोमध आपण उभे असू. तेथे मी तीन आवर्तने थांबलो, आणि पडद्यापेक्षा माणसांकडेच अधिक पाहिले. एक मध्यमवयीन बाई आरंभीच बाहेर निघून गेली. एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. एका बापाने मुलीच्या डोळ्यांपुढे हात धरला आणि तिने तो शांतपणे बाजूला सारला. मात्र पुढे, मळ्याच्या छोट्या नमुन्यापाशी, तीच मुलगी वाकून किती झोपड्या आहेत ते मोजताना दिसली, आणि मोजता मोजता तिने बापाला जितके प्रश्न विचारले तितके त्या काळोख्या दालनात कोणीच कोणाला विचारले नव्हते. भोवळ आणणारी मांडणी मनुष्याला स्तब्ध करते. मोजावयास लावणारी त्याला बोलते करते, असे मला त्या दिवशी वाटले, आणि अजून वाटते.

या शहरातील रस्त्यांच्या नावांविषयीच्या मांडणीने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले. टार्ल्टन, अर्ल अशी ही नावे गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या घराण्यांची असून, त्या रस्त्यांवरून लोक रोज बाजारहाट करीत जातात. बीटल्सच्या गाण्यामुळे जगविख्यात झालेली पेनी लेन हीदेखील जेम्स पेनी या गुलामव्यापाऱ्याच्या नावाची, असे संग्रहालयाने आरंभी मांडले होते; परंतु 2020 साली अधिक शोध केल्यावर तसा पुरावा मिळत नाही असे त्याने जाहीर रीतीने मान्य केले, आणि ती मांडणी लोकांच्या सहभागाने नव्याने करण्याचे ठरविले. आपल्या दप्तरातील चूक अशी उघड दुरुस्त करणाऱ्या संस्थेच्या उरलेल्या नोंदींवर माझा विश्वास दुणावला.

गुलामगिरीच्या अंताच्या स्मरणातही हाच काटेकोरपणा हवा. 1833च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली आणि 1 ऑगस्ट 1834पासून त्याचा अंमल सुरू झाला खरा. परंतु दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली गेली ती मालकांना, सुटलेल्यांना एक पैही नाही, आणि बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली 1838पर्यंत त्याच मळ्यांत राबावे लागले. त्या भरपाईची खतावणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने संगणकावर खुली केली आहे. आडनाव टाकले की कोणी किती माणसांचा मोबदला मागितला हे पुढे येते. कंपनी सरकारचा हिंदुस्थानातील मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. आपल्याकडे त्यासाठी 1843 सालचा पाचवा कायदा यावा लागला.

बाहेर आलो तेव्हा गोदीच्या लाल विटांवर ऊन आले होते. ही गोदी 1846ची, म्हणजे ब्रिटिश गुलामगिरी संपल्यानंतरची. तरी पुढची पंधरा वर्षे या शहरात उतरणारा बहुतेक कापूस अमेरिकेतील गुलामांनीच वेचलेला होता. 1861 साली तेथे युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, आणि गुजरात-खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला येथे कधी न ऐकलेला भाव आला. त्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आला, आणि 1865त युद्ध थांबताच पेढ्या कोसळल्या. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहून 1878त पूर्ण झालेला राजाबाई टॉवर त्याच काळाच्या संपत्तीची खूण आहे. कापूस पिकविणाऱ्या आपल्या कुणब्याचा अथवा देणगीदाराचा यात अपराध नव्हता. तरीही त्या टॉवरच्या घड्याळाखालून इतकी वर्षे जाताना त्याचा हिशेब समुद्रापलीकडच्या कोणत्या शेतातून सुरू होतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. लिव्हरपूलच्या रस्त्यांच्या नावांविषयीच्या मांडणीसारखी एक मेज मुंबईतही मांडावी, तिच्यावर फोर्टातील इमारती, रस्ते आणि गोद्या कोराव्यात, आणि एखाद्या मुलीने नावावर बोट ठेवताच त्या वर्षीचा कापसाचा भाव उजळावा, म्हणजे ती वाकून मोजू लागेल.