दुबईत डिझायनरची नोकरी : पगार किती सांगावा?

कोकणातून आखातात जाणाऱ्या तरुणांत आता गवंडी, वेल्डर आणि ड्रायव्हर यांच्याबरोबर ग्राफिक डिझायनर, ॲनिमेटर आणि व्हिडिओ संपादकही दिसू लागले आहेत. कामात हे तरुण कमी पडत नाहीत. अडखळतात ते मुलाखतीतल्या एका प्रश्नाशी : "अपेक्षित पगार किती?"

बहुतेकांचे उत्तर रुपयांत शिजलेले असते. मुंबईत तीस हजार मिळतात, दुप्पट मिळाले तर सोने, असे म्हणून साठ हजारांचे दिरहॅम केले जातात आणि २,६०० हा आकडा सांगितला जातो. समोरचा लगेच "ठीक आहे" म्हणतो. ही घाईची संमती बहुधा महाग पडते. खोलीचे भाडे, जेवण आणि बसचे तिकीट हा सारा खर्च तेथे दिरहॅममध्ये होतो, रुपयांत नव्हे. म्हणून पगाराचा हिशेब इकडच्या पगारावरून न करता तिकडच्या खर्चावरून करावा, असे आम्ही सुचवतो.

हिशेबाची रीत

प्रथम दरमहाचा खर्च मांडावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष आकडे तेथे राहणाऱ्या नातेवाइकांकडून विचारून घ्यावेत. एकट्या माणसाचे भाडे १,८००, जेवण १,०००, प्रवास व फोन ६०० आणि किरकोळ ६०० धरले, तर खर्च ४,००० दिरहॅम होतो. घरी ३,००० पाठवायचे असतील तर बेरीज ७,००० होते. अडीअडचणीसाठी तिचा दहावा भाग, म्हणजे ७००, वाढवावा. ७,७०० ही आपली खालची मर्यादा झाली; तिच्याखाली उतरू नये. मागताना ९,००० म्हणावे, म्हणजे घासाघीस करायला जागा राहते.

कुटुंब नेणार असाल तर हे गणित पार बदलते. वेगळे घर, मुलांची शाळा, कुटुंबाचा व्हिसा आणि आरोग्य विमा यांचा भार वाढतो. दुबईत कर्मचाऱ्याचा विमा मालकाला काढावा लागतो. कुटुंबाच्या विम्याची जबाबदारी मात्र त्यांचा व्हिसा काढणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर असते. शिवाय तेथे घरभाडे वर्षाचे ठरते आणि मोजक्या चेकांनी आगाऊ द्यावे लागते. पहिला पगार हाती येईपर्यंतची रक्कम गाठीशी असावी.

पगारावर तेथे आयकर नाही, ही सोय खरीच. पण १ जानेवारी २०१८ पासून बहुतेक खरेदीवर ५ टक्के व्हॅट लागू आहे, हेही धरावे. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. डॉलर वधारला की घरी पाठवलेल्या पैशाचे रुपये वाढतात; तुमचे तिथले भाडे त्यामुळे कमी होत नाही.

मूळ पगार विचारा

आकडा ठरला की लगेच विचारावे : यात मूळ पगार किती आणि भत्ते किती? २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार, एक वर्ष पूर्ण केल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे ३० दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. भत्ते त्यात धरले जात नाहीत.

समजा दोन कंपन्या ९,००० दिरहॅमच देतात. एकीत मूळ पगार ३,६०० आहे, दुसरीत ५,४००. पाच वर्षांनी पहिलीकडून १२,६०० आणि दुसरीकडून १८,९०० दिरहॅम मिळतील. दरमहा हाती तेवढेच पडते, पण निघताना ६,३०० दिरहॅमचा फरक पडतो. दुबईच्या वित्तीय केंद्रात नोकरी असेल तर तेथील नियम वेगळे आहेत. ते आधी समजून घ्यावेत.

कलाकाराने जपायच्या गोष्टी

डिझायनर म्हणून नेऊन त्याच माणसाकडून छायाचित्रण, व्हिडिओ आणि समाजमाध्यमे सांभाळण्याचे काम करून घेणारी ऑफिसे आहेत. तीन कामांचा पगार एका कामाचा नसतो. म्हणून कामाची यादी ऑफर लेटरमध्येच मागावी. केलेले काम पुढे नमुना म्हणून दाखवता येईल का, हेही विचारावे; आपल्या धंद्यात पुढची नोकरी नमुन्यांवरच मिळते.

इकडे सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामे करून चार पैसे मिळवण्याची सवय अनेकांना असते. तेथे परवान्याशिवाय असे काम बेकायदा आहे. ती कमाई हिशेबात धरूच नये.

आणखी एक गोष्ट. भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेण्यास तेथील कायद्यात मनाई आहे. व्हिसाचे पैसे भरा, मग पगाराचे बोलू, असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

कमी आकडा सांगितला तर नोकरी पक्की होईल, ही भीती आमच्या तरुणांनी सोडावी. कमी पगारावर एकदा सही झाली की पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावरून मोजली जाते. मुलाखतीआधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसावे, आणि मगच फोन उचलावा.