हात कुणासाठी वर झाला?

महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवारांची जी पत्रके घरोघर येतात, त्यांत पेव्हर ब्लॉक, बाकडी, व्यायामशाळा आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याची छायाचित्रे असतात. याच उमेदवाराने मागच्या कार्यकाळात सभागृहात कोणत्या प्रस्तावाला पाठिंबा दिला, कोणत्याला विरोध केला आणि कोणत्या वेळी तो उठून बाहेर गेला, याचा उल्लेख त्यांत कुठेही नसतो. प्रतिज्ञापत्रातही तो नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला स्वतःवरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावे लागते. सभागृहातल्या मतांसाठी मात्र रकाना नाही. खरे तर लोकप्रतिनिधीच्या हातातला सर्वांत मोठा अधिकार मत देण्याचा आहे. पाणीपट्टी किती, कोणत्या भूखंडावरचे आरक्षण उठवायचे, कोणत्या कंत्राटदाराला काम द्यायचे, हे सारे मतांनी ठरते. म्हणून नगरसेवकाची आपल्या भागाशी बांधिलकी किती, हे त्याच्या मतांवरून कळेल का, हा प्रश्न प्रत्येक मतदाराने विचारण्यासारखा आहे. माझे उत्तर असे, की कळेल. पण ते मत कोणत्या दडपणाखाली, कोणती माहिती हाताशी असताना आणि काय बोलून दिले गेले, हेही त्यासोबत वाचले तरच.

पहिले दडपण पक्षाचे. संसद आणि विधिमंडळासाठी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची राज्यघटनेत आली, आणि लगेच महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी १९८६ चा सदस्य अनर्हता कायदा केला. पक्षादेश मोडून मत दिले, किंवा गैरहजर राहिले, आणि पक्षाने ते माफ केले नाही, तर नगरसेवकाचे पद जाऊ शकते. गटनेत्याने सांगितले की हात वर, नाही म्हटले की हात खाली, अशी सवय त्यातून पडली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मैदाने आणि उद्याने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण सत्ताधारी शिवसेना-भाजपच्या बळावर मंजूर केले. नागरिकांनी रान उठवले आणि काही दिवसांतच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या धोरणाला स्थगिती दिली. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या भाजपच्या नगरसेवकांना आपल्या वॉर्डातल्या मैदानाबद्दल खरोखर काय वाटत होते, हे त्या मतावरून कळत नाही. मतदानाच्या दिवशी पक्षाची भूमिका काय होती, एवढेच कळते.

याहून बोलके उदाहरण आरेचे आहे. कुलाबा ते सीप्झ या मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरे वसाहतीतील २,६४६ झाडे हटवण्याचा प्रस्ताव मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आला. २९ ऑगस्ट २०१९ रोजी तो आठ विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. शिवसेनेच्या सदस्यांनी विरोधात मत दिले, भाजपच्या सदस्यांनी बाजूने. काँग्रेसच्या सदस्यांनी सभात्याग केला. प्राधिकरणावर नेमलेल्या तज्ज्ञांपैकी दोघांनी काही दिवसांत राजीनामे दिले. मतदान घाईत उरकले गेले, विषय नीट समजून घ्यायला अवधी मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. आता केवळ आठ आणि सहा हे आकडे पाहा. विरोधात पडलेली मते ज्या पक्षाची, तो पक्ष त्या वेळी राज्य सरकारात भाजपचा भागीदार होता, आणि मेट्रोचा प्रकल्प त्याच सरकारचा होता. बाजूने पडलेल्या मतांत एखादे घाईत दिलेले, एखादे पक्षाने सांगितलेले आणि एखादे पूर्ण विचारांती दिलेलेही असू शकते. आणि जिथे फरक दोनच मतांचा होता, तिथे सभात्यागाकडे नुसता निषेध म्हणून पाहता येत नाही. बाहेर गेलेल्या सदस्याचे नाव बाजूच्या यादीत नसते, विरोधाच्याही नसते. झाडे मात्र पडतात. सभात्याग केलेल्या उमेदवाराला मतदाराने पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुम्ही आत बसून विरोधात मत का दिले नाही?

आरेचे प्रकरण आणखी एक गोष्ट शिकवते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बांधिलकी कोणत्या समाजाशी? आरेतल्या पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांशी, की रोज लोकलच्या दारात लटकून कामावर जाणाऱ्या लाखो प्रवाशांशी? मेट्रो-३ आज धावते आहे आणि तिच्यातून प्रवास करणारी माणसेही याच शहराची आहेत. कारशेडच्या बाजूने मत देणाऱ्याला लोकांची पर्वा नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विरोधात मत दिले म्हणजे आदिवासींविषयी कळवळा होताच, असे मानणेही भाबडेपणाचे. मत बाजू सांगते, कारण सांगत नाही. कारण सापडते ते भाषणात, उपसूचनेत आणि आधी विचारलेल्या प्रश्नांत. पर्यायी जागांचा तुलनात्मक अहवाल मागितला होता का? झाडांच्या पुनर्रोपणाचा हिशेब विचारला होता का? ज्या सदस्याने हे विचारून मग बाजूने मत दिले, त्याची बांधिलकी गप्प बसून विरोधात हात वर करणाऱ्यापेक्षा मला अधिक भरवशाची वाटते.

म्हणजे मताभोवतीचे कागद तपासावे लागतात. विषयपत्रिकेवरचा प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवण्याची सूचना कोणी मांडली, दफ्तरी दाखल करण्याची मागणी कोणी केली, हरकतीचा मुद्दा कोणी घेतला, याची नोंद इतिवृत्तात असते. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था नगरसेवकांची उपस्थिती आणि त्यांनी विचारलेले प्रश्न यांवर वर्षानुवर्षे प्रगतीपुस्तक काढत आली आहे. त्या अहवालांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: रस्ते आणि चौकांच्या नामकरणाविषयीचे प्रश्न मोठ्या संख्येने विचारले जातात. नुसती प्रश्नसंख्या पाहिली तर असा सदस्य जागरूक दिसेल. त्याच्या वॉर्डातल्या तुंबणाऱ्या नाल्याविषयी त्या प्रश्नांत एक अक्षरही नसेल, तर ही जागरूकता कुणाच्या उपयोगाची?

अडचण अशी, की आपल्याकडे मतांची नोंदच फारशी होत नाही. बहुतेक ठराव आवाजी मतदानाने, कधी एका दमात दहा-पंधरा, कधी गोंधळात मंजूर होतात. इतिवृत्तात उरते ते ‘बहुमताने मंजूर’. बहुमतात कोण होते, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. सदस्यांनी मतमोजणी मागण्याची सोय कायद्यात आहे, पण ती क्वचित वापरली जाते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून नियम असा, की स्थानिक परिषदेच्या अर्थसंकल्पावर कोणत्या सदस्याने कसे मत दिले, याची नावानिशी नोंद इतिवृत्तात झालीच पाहिजे. सगळ्या ठरावांना नाही, निदान लोकांच्या खिशाला हात घालणाऱ्या ठरावांना तरी हा नियम लावणे आपल्यालाही अवघड नाही.

यावर अनुभवी कार्यकर्ते म्हणतील, की लोक नगरसेवकाला सभागृहासाठी निवडतच नाहीत. रात्री अकरा वाजता नळाला पाणी नाही म्हणून फोन केला तर जो उचलतो, दवाखान्यात खाट मिळवून देतो, तो आपला माणूस. या मदतीला मी कमी लेखत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला सभागृहाच्या इतिवृत्तापेक्षा ती खाट मोठी असते. पण ती खाट मिळवण्यासाठी ओळख लागावी, ही वेळ का येते? रुग्णालयाच्या तरतुदीवर, पाणीपुरवठ्याच्या योजनेवर आणि कंत्राटावर सभागृहात मते पडतात आणि त्यातूनच. फोन उचलणारा नगरसेवक त्या दिवशी कुठे होता, हे विचारणे त्याच्या मदतीचा अपमान नाही. शिवाय मुंबई सोडली तर राज्यातल्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून चार नगरसेवक निवडून येतात. रस्ता झाला की चौघांचेही फलक लागतात. काम कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा प्रभागात ज्याला एकट्याने जबाबदार धरता येते, अशी गोष्ट म्हणजे सभागृहातले त्याचे मत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दर निवडणुकीत आरक्षणाची सोडत बदलते, नगरसेवक शेजारच्या वॉर्डात जातो किंवा घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला उभे करतो. मग जुन्या मतांचा हिशेब नव्या मतदारांनी कसा घ्यायचा? त्यात राज्यातली सभागृहे कित्येक वर्षे रिकामी राहिली. नवी मुंबई, औरंगाबाद, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर यांची मुदत २०२० मध्येच संपली, मुंबईची मार्च २०२२ मध्ये. निवडणुका झाल्या जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासकांनी कोट्यवधींचे अर्थसंकल्प एकट्याच्या सहीने मंजूर केले. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही जुन्या वॉर्डात मैदान वाचवण्यासाठी पक्षाशी भांडलेला माणूस नव्या वॉर्डात एकाएकी बदलत नाही. आणि सभागृह बंद असतानाच्या वर्षांचेही कागद असतात: प्रशासकाच्या अर्थसंकल्पावर सूचना कोणी पाठवल्या, विकास आराखड्यावर हरकत कोणी नोंदवली, सुनावणीला कोण हजर राहिले. कधीच नगरसेवक न झालेल्या नवख्या उमेदवारालाही हीच फूटपट्टी लावता येते, कारण हरकत नोंदवायला पद लागत नाही.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. सगळे ठराव वाचायला कोणाकडेच वेळ नाही, पण मालमत्ता कर आणि पाणीपट्टीतली वाढ, अर्थसंकल्प, आणि शाळा, मैदान वा रुग्णालयासाठी राखलेल्या भूखंडाचे आरक्षण बदलणे, या तीन प्रकारच्या ठरावांवर लक्ष ठेवणे एखाद्या गृहनिर्माण संस्थेला किंवा मोहल्ला समितीला सहज जमेल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली इतिवृत्ताची प्रत मागता येते, आणि या तीन विषयांवर नावानिशी मतमोजणी मागा, असे लेखी पत्र आपल्या नगरसेवकाला देता येते. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पत्राची पोच आणि पुढच्या सभेचे इतिवृत्त शेजारी ठेवले, की पुढच्या निवडणुकीच्या पत्रकात जे नसेल, ते मतदाराच्या हातात असेल.