सोडाल्यातील रविवारची पेज आणि कोकणचा उकडा तांदूळ

जयपूरमध्ये अजमेर रस्त्यालगतच्या सोडाला भागात राहणाऱ्या एखाद्या कोकणी कुटुंबाने रविवारी सकाळी घरातल्या सर्वांसाठी पेज करायचे ठरवले, तर पहिला प्रश्न तांदळाचा उभा राहतो. उत्तर भारताच्या बाजारात मान आहे तो लांब, पांढऱ्या बासमतीला. त्याचा दाणा शिजताना लांबतो आणि सुटा राहतो. पुलावात हा गुण ठरतो, पेजेत मात्र तोच दोष होतो. पाणी एकीकडे आणि शीत दुसरीकडे राहते.

पेजेची चव बऱ्याच अंशी चुलीवर येण्यापूर्वीच ठरलेली असते. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात पेजेसाठी उकडा तांदूळ लागतो. भात भिजवून, तुसासकट उकडून व वाळवून मगच गिरणीवर नेले जाते. उकडताना दाण्यातील पिष्ट फुगून एकजीव होते आणि बारीक भेगा सांधल्या जातात, त्यामुळे भरडताना कणी कमी पडते. कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात मुरतो व पॉलिशनंतरही टिकतो. असा दाणा उशिरा शिजतो. पण विरघळून न जाता मऊ होतो आणि पाण्याला दाटपणा देतो.

घाटावरचा मऊ भात वेगळा. त्याला आंबेमोहोराची कणी किंवा इंद्रायणी चालते. इंद्रायणी ही वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून विकसित केलेली, १९८७ मध्ये प्रसारित झालेली जात आहे. येथे नवा तांदूळ घ्यावा. जुना तांदूळ पाणी अधिक पितो, पण चिकटपणा कमी देतो.

चौघांच्या पेजेसाठी एक वाटी उकडा तांदूळ धुऊन रात्रभर भिजवावा. सकाळी आठ ते दहा वाट्या पाण्यात मंद आचेवर सुमारे तासभर शिजवावा, मीठ शेवटी घालावे. कुकर वापरल्यास तो निम्म्याहून कमी भरावा, नाहीतर निम्मी पेज शिट्टीतून ओट्यावर येते. सोबत लोणचे, भाजलेला पापड, सुकट किंवा काळ्या वाटाण्याची उसळ असावी. हे तोंडीलावणे केवळ चवीपुरते नाही. वाटीभर तांदूळ चौघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वाशे ते दीडशे किलोकॅलरी येतात, प्रथिने तर फारच थोडी. पेज हे औषध असल्याचा प्रचार अलीकडे कानावर येतो. विस्तार कार्यकर्त्यांनी त्याला खतपाणी घालू नये. जयपूरच्या उन्हाळ्यात उरलेली पेज ओट्यावर न ठेवता थंड करून फ्रिजमध्ये ठेवावी.

राजस्थानी शेजाऱ्यांना मात्र हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. बाजरीचे पीठ ताकात कालवून शिजवलेली राबडी तेथे घरोघरी असते. गोड रबडीशी तिचा काही संबंध नाही. कोरडवाहू मुलखाची ती पेजच म्हणायची.

खरी अडचण उत्पादकाकडे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आटोपल्यावर भात भिजवणे, उकडणे, वाळवणे हे जळणाचे आणि मुख्यतः घरातील स्त्रियांच्या कष्टाचे काम. त्यात अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेले भात हातचे जाते. तेवढा दर मिळणार नसेल, तर शेतकरी भात न उकडताच विकणार, हे उघड आहे. रत्नागिरी-७ सारखी लाल दाण्याची सुधारित जात उपलब्ध आहे, वालय, कोरगुट यांसारख्या स्थानिक जातीही आहेत. परंतु गोणीवर नुसते ‘लाल तांदूळ’ लिहिले, तर जयपूरच्या ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही.

महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एक-दोन किलोच्या पाकिटांचा विचार करावा. पाकिटावर जातीचे नाव, तांदूळ उकडा की सुरय म्हणजे न उकडलेला, कापणीचा हंगाम आणि पॉलिश किती, हे स्पष्ट लिहावे. भरण्यापूर्वी दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणावा, अन्यथा दूरच्या प्रवासात बुरशी व कुबट वास येतो. पाकिटाच्या मागच्या बाजूस तांदूळ-पाण्याचे प्रमाणही छापावे, कारण घरापासून दूर वाढलेल्या पिढीला पेज आवडते, पण पाणी किती घालायचे हे तिला आईला फोन करूनच विचारावे लागते.